शिंप्याची नक्कल : मोरोनी, मांजरपाट आणि आमचे आप्पा

उसवण (नाशिक)

ड्रॉइंगच्या इंटरमीजिएट परीक्षेला ब श्रेणी मिळाली आणि त्यानंतर तेवीस वर्षं ब्रश हातात धरला तो फक्त घराच्या खिडक्यांना ऑइलपेंट मारायला. नोकरी अंबड एमआयडीसीत, क्वालिटीला. दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्नियर. गेल्या वर्षी बायकोच म्हणाली, रविवारचे घरात नुसते येरझाऱ्या घालता, त्यापेक्षा काहीतरी शिका. म्हणून तैलरंगातल्या पोर्ट्रेटच्या एका क्लासला नाव घातलं. कुठला ते विचारू नका, सांगणार नाही. तिथे फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडायचा, पेन्सिलने गिरवायचा आणि 'फ्लेश टिंट' नावाची तयार ट्यूब आत भरायची. सावली हवी असेल तिथे त्यातच काळा मिसळायचा. दोन महिन्यांनी अकरा जणांची अकरा पोर्ट्रेटं ओळीने भिंतीला लावली, तर सगळी एकाच आईची लेकरं, आणि सगळ्यांना हिव भरलेलं.

मग ठरवलं की आता क्लास नको. जुन्या एका मास्तराचं एकच चित्र घ्यायचं आणि त्याची नक्कल करायची. होईपर्यंत करायची.

चित्र निवडताना फार विचार करावा लागला नाही. जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनी हा सोळाव्या शतकातला, इटलीतल्या बेर्गामोजवळच्या आल्बिनो गावचा चित्रकार. त्याचं 'इल ताल्यापान्नी', म्हणजे कापड कापणारा, हे चित्र साधारण १५६५ ते १५७० मधलं. १८६२ पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्रात राजा नाही, कार्डिनल नाही, शिंपी आहे. टेबलामागे उभा, उजव्या हातात लोखंडी कात्री, डाव्या हाताखाली काळं कापड, कापडावर खडूच्या रेघा. बेतायला घेतलंय, तेवढ्यात दुकानात कुणीतरी आलंय, म्हणून मान वर केलीय.

ही मान मी लहानपणापासून रोज बघत आलोय. आमचे आप्पा शिंपी. भद्रकालीच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं, आता घरीच बसून ओळखीपाळखीच्यांची अल्टरची कामं करतात. गिऱ्हाईक आलं तरी आप्पा कात्री खाली ठेवायचे नाहीत. मान तेवढी वर करायचे आणि म्हणायचे, "बोला." मोरोनीचा शिंपीही अगदी तेच म्हणतोय. नॅशनल गॅलरीच्या साइटवर चित्र खूप मोठं करून बघता येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो, एवढंच सांगतो.

आता कामाचं. मूळ चित्र ९९.५ बाय ७७ सेंटीमीटर. आपल्याकडे ३० बाय ४० इंचाचा कॅनव्हास मिळतो, म्हणजे ७६.२ बाय १०१.६. रुंदी जवळपास बरोबर, उंचीला दोनेक सेंटीमीटर उरतात. ते मी वर-खाली वाटून टाकले. तयार कॅनव्हास महाग वाटला म्हणून मांजरपाट आणून चौकटीवर ताणला. आप्पांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "उरेब गेलंय." म्हणजे धागा तिरका गेलाय. मी म्हटलं, चित्रच तर काढायचंय, कुठे शर्ट शिवायचाय. त्यांनी काही न बोलता पिना उपटल्या, उभा धागा चौकटीला समांतर लावला, चारी बाजूंच्या मध्यावर आधी एकेक पिन मारली आणि मग कोपऱ्यांकडे सरकत गेले. ढोलकीसारखा वाजायला लागला.

चेहरा खऱ्या मापात ए३ कागदावर मावतो, त्याची प्रिंट काढून घेतली. चौकटी आखून रेखाटन केलं. इथे माझी नोकरी आडवी आली. डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, कानाची पाळी, सगळं व्हर्नियर लावून उतरवलं. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, आणि तरी तो माणूस तो नव्हता. पासपोर्ट फोटो होता. हे का होतंय ते कळायला तीन आठवडे लागले. मी चेहऱ्याला सगळीकडून सारखीच रेघ मारली होती. मोरोनीने जबड्याची एक बाजू उजेडात धारदार ठेवलीय आणि दुसरी बाजू दाढीत आणि सावलीत विरघळू दिलीय. मोठं करून बघितलं तर तिथे कडच सापडत नाही. आपल्याला जबडा आहे हे माहीत असतं, म्हणून आपण तो काढतो. त्याला तो दिसला नाही, म्हणून त्याने काढला नाही. ड्रॉइंगच्या बाबतीत मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट पांढऱ्याची. त्याच्या गळ्याशी आणि मनगटाशी पांढरी झालर आहे. मी ट्यूबमधून पांढरा काढला आणि लावला. चित्रात ट्यूबलाइट लागली. मग जाड कार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि ते प्रिंटवर ठेवून एकेक रंग भोकातून बघितला. झालर करडी! आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र पावसात भिजून वाळल्यावर होतं तशी. अगदी पांढरे असे ठिपके चित्रभर मोजावेत इतकेच. चेहऱ्यावरचा जो भाग मी 'काळी सावली' म्हणून रंगवत होतो, तोही भोकातून बघितला तर साधा तपकिरी. खरा काळा फक्त खालच्या कापडासाठी राखून ठेवलेला. म्हणून ते कापड जड दिसतं.

सध्याची अवस्था अशी. चेहरा बरा झालाय. दुधी रंगाचा डगला (डब्लेट म्हणतात, त्यावर बारीक बारीक चिरा आहेत, बटणांची रांग आहे) अर्धा झालाय. काळं कापड मात्र दगा देतंय. ओलं असताना मखमल, सुकलं की पाटीवरचा खडू पुसल्यावर राहतो तसा डाग. पावसाळ्यात सुकतही नाहीये. शिवाय चेहऱ्याचे उजेडातले भाग खडू फासल्यासारखे दिसतात. तैलरंग वापरणारं कुणी आहे का इथे? कान धरून सांगा.

जुईच्या_वेलीखाली

वाचतेय. पाणी प्यायला गेल्याचं वाक्य आवडलं. फोटो टाका की!

गोदाकाठ (नाशिक)

नाशिकमध्ये राहून तैलरंग! घोर अपराध. 😀 इथे मुलगा दहावी झाला की बोर्ड आणि पाण्याची बाटली घेऊन रामकुंडावर जाऊन बसतो. शिवाजी तुपे सरांची जलरंगातली निसर्गचित्रं बघत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. जलरंगात कागदाचा पांढरा राखावा लागतो आणि एकदा गेला की गेला. तुमच्या तैलरंगात चूक झाली की खरवडा, पुन्हा लावा. लाड आहेत सगळे.

थट्टा सोडा. ते कार्डाचं भोक मी उद्या घाटावर घेऊन जाणार आहे. नारोशंकराच्या देवळाचा दगड माझा दरवेळी जांभळा होतो.

बोरूबहाद्दर (पुणे)

मला प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. साडेचारशे वर्षांपूर्वी एकाने काढलेलं चित्र पुन्हा तसंच काढून काय मिळवलं? कॅनव्हासवर प्रिंट मारून मिळते, यापेक्षा हुबेहूब. त्यापेक्षा तुमच्या आप्पांनाच समोर बसवून काढा की. नक्कल ती नक्कलच.

जुना_जेजेकर (मुंबई)

बोरूबहाद्दर, नक्कल हा शब्द आपल्याकडे परीक्षेतल्या कॉपीमुळे बदनाम झालाय. शास्त्रीय गाणं शिकणारी मुलगी वर्षभर गुरूची तान जशीच्या तशी घेते, तेव्हा तिला कुणी म्हणत नाही की रेकॉर्ड लाव की. चित्रकार रुबेन्स १६२८ साली माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी उलटलेला, युरोपभर नाव झालेला माणूस होता. तिथे बसून त्याने तिशियन या जुन्या मास्तराच्या चित्रांच्या नकला केल्या. पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आजही परवाना घेऊन नक्कल करता येते, फक्त ती मुळापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी करावी लागते, म्हणजे कुणी अस्सल म्हणून खपवू नये.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर जेजेचं, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचं घ्या. १८७२ पासून पुढे जवळजवळ तेरा वर्षं ग्रिफिथ्स साहेब जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात नकला करत होते. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यातूनच तयार झाले. त्या नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या आगीत बऱ्याच जळाल्या. नकला जळाल्या, पण त्या करताना तयार झालेले हात मुंबईतच होते.

उसवण, आता तुमच्याकडे वळतो.

तुमचा काळा बसलाय. खालच्या थराने त्यातलं तेल पिऊन टाकलं, वर नुसती भुकटी उरली, म्हणून तो निस्तेज दिसतो. मांजरपाटावर जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) किती हात दिले? दोनच दिले असतील तर कापड अजून तहानलेलं आहे. उपाय सोपा आहे. थर बोटाला कोरडा लागला की जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाईन घालून कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ चोळायचं आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. काळा जागा होईल. मग त्या ओलसर पृष्ठभागावरच पुढचं काम करा. आयव्हरी ब्लॅक मुळातच सावकाश सुकतो, त्यात तुमचा पावसाळा. चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते तेल लवकर सुकवतं. रंगालाही थोडी ऊब येईल.

खडू फासल्याचं कारण टिटॅनियम व्हाइट. मोरोनीच्या काळी तैलरंगात पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. तो बराच पारदर्शक आणि बेताचा असतो, दुसऱ्या रंगाला गिळत नाही. टिटॅनियम थेंबभर पडला तरी सगळ्यांना थंड करून टाकतो. शिसं विषारी, घरात लहान मुलं असतील तर आणूच नका. टिटॅनियमच वापरा, पण उजळ करायचं म्हणून लगेच पांढऱ्याकडे धावू नका. आधी यलो ऑकर, मग किंचित व्हर्मिलियन छटेचा लाल, आणि पांढरा सगळ्यात शेवटी.

कच्चा_रंग (कोल्हापूर)

मुळात पायाच चुकलाय. रेनेसाँसची पद्धत करायची तर आधी व्हर्दाच्चो करायला हवा होता. म्हणजे चेहरा पूर्ण हिरवट करड्यात रंगवायचा, तो सुकल्यावर वर गुलाबी झिलया, म्हणजे पातळ पारदर्शक थर द्यायचे. यूट्यूबवर सगळे तसंच करतात. डायरेक्ट रंग लावले तर तो कातडीचा खोलपणा येणारच नाही.

जुना_जेजेकर (मुंबई)

यूट्यूबवर सगळे तसं करतात हे खरं. मोरोनी तसं करायचा हे त्यावरून ठरत नाही. चेहऱ्याखाली हिरवी माती लावायची पद्धत मुख्यतः अंड्याच्या बलकातल्या टेंपेराची, चेन्नीनो नावाच्या इटालियन चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवली ती. मोरोनी त्यानंतर दीडशे वर्षांनी, तैलरंगात, कॅनव्हासवर काम करतोय आणि ब्रेशाच्या मोरेत्तोच्या हाताखाली तयार झालाय. 'रेनेसाँस पद्धत' नावाची एक पाककृती नाही. आमटी आणि सांबार दोन्हींत डाळच असते.

कच्चा_रंग (कोल्हापूर)

मान्य नाही, पण आमटीवर प्रतिवाद सुचत नाहीये. मी दोन्ही पद्धतींनी एकेक डोकं करून टाकतो. बाबूराव पेंटरांच्या गावचे आहोत, हरणार नाही.

चंद्रकळा (ठाणे)

मी चार वर्षं तैलरंग वापरतेय, वन बीएचके आणि सहा वर्षांची मुलगी. टर्पेंटाईनच्या वासाने डोकं उठायचं, म्हणून आता रंगवताना ते वापरतच नाही. सुरुवातीचा थर थोड्याशा तेलात, चांगला घासून पातळ लावते आणि ब्रश आधी कापडाला पुसून, मग खाण्याच्या साध्या तेलात, मग भांड्याच्या साबणाने धुते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नका. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळा दाबून ठेवला तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. फडकी पसरून बाहेर वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तुमच्याकडे तर घरात चिंध्यांची ददात नसणार. 😀

आणि मूळ लेखातलं जबड्याचं वाचून मी माझं अर्धवट पोर्ट्रेट कपाटामागून काढलं. सगळीकडे रेघ! सगळीकडे!

झारीतला

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आप्पांना नमस्कार.

उसवण (नाशिक)

सगळ्यांचे आभार. जेजेकर काका, जेसोचे दोनच हात होते, बरोब्बर पकडलंत. काल तेल चोळलं आणि काळा खरोखर जागा झाला. अर्धा तास नुसता बघत बसलो. चंद्रकळाताई, माझी फडकी गॅलरीत एका पिशवीत कोंबलेलीच होती. रात्री अकराला उठून पसरली. बायकोला कारण सांगितलं, त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोरूबहाद्दर, राग कसला. तुमचा प्रश्न मलाही पडला होता. आप्पांना समोर बसवायचंच आहे, पण माझी पंचाईत अशी की समोर जिवंत माणूस असला की मी जे माहीत आहे तेच काढतो. नाकाला दोन भोकं असतात हे माहीत असल्याने दोन्ही काढतो. मोरोनीचं चित्र हलत नाही, कंटाळत नाही, चहा मागत नाही, आणि त्यातले सगळे निर्णय आधीच घेतलेले आहेत. मला फक्त एकेक शोधून काढायचाय. मजा म्हणजे हा मनुष्य स्वतःच 'समोर दिसतं तेवढंच काढतो' म्हणून हिणवला गेलाय. बेरेन्सन नावाच्या बड्या समीक्षकाने त्याला नुसता व्यक्तिचित्रकार ठरवून बाजूला सारलं होतं. नुसता! मला तेवढं आलं तरी मी पेढे वाटीन.

अवांतर: कुणाला खरी जुनी युरोपीय तैलचित्रं डोळ्यांनी बघायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली आहेत. मी गेल्या महिन्यात पंचवटीने सकाळी निघून गेलो आणि संध्याकाळी परत आलो. तिथे कळलं की जवळून बघितल्यावर रंगाचा थर किती पातळ असतो. सावल्या तर नुसत्या पुसल्यासारख्या, त्यातून कापडाची वीण दिसते. जाड रंग फक्त उजेडात. मोबाइलवर हे कधीच दिसलं नसतं.

गोदाकाठ (नाशिक)

सावली पातळ, उजेड जाड? आमच्या बरोब्बर उलटं. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. आता मला झोप येणार नाही.

भोकाच्या कार्डाचा अहवाल: देवळाचा दगड जांभळा नाहीच. राखाडी आहे. शेजारी भगवा झेंडा होता म्हणून निळसर वाटायचा. वीस वर्षं जांभळा लावतोय मी!

जुना_जेजेकर (मुंबई)

तीच गंमत चेहऱ्यातही आहे. काळा आणि पांढरा मिसळून केलेला साधा करडा गुलाबी गालाशेजारी ठेवला की हिरवट-निळा दिसतो. ट्यूबमधला निळा-हिरवा घालायची गरजच पडत नाही. उसवण, दाढीच्या कडेला तो वापरून बघा.

बोरूबहाद्दर (पुणे)

एक पाऊल मागे घेतो. दोन नाही.

उसवण (नाशिक)

धागा वर काढतोय, साडेचार महिन्यांनी. चित्र दिवाळीनंतर पूर्ण झालं. म्हणजे मला तसं वाटलं.

आप्पांना तोवर मी मुद्दाम दाखवलं नव्हतं. कॅनव्हास ताणून दिल्यापासून त्यांनीही विचारलं नाही. रविवारी सकाळी गॅलरीच्या दारात, उजेडात ठेवलं आणि त्यांना बोलावलं. चष्मा लावला. आधी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. वाकून खालच्या कापडाकडे बघितलं.

"हा खडू कुठला?"

म्हटलं, कसला खडू?

"शाळेतल्या खडूची रेघ काढलीस. शिंप्याचा खडू चपटा असतो, त्याला धार काढतात. रेघ सुईसारखी येते. अशी जाड रेघ मारली तर कात्री रेघेच्या आतून घालायची का बाहेरून? पाव इंच तिथेच जाईल."

मूळ चित्र मोबाइलवर मोठं करून दाखवलं. रेघा बारीकच आहेत. मी सगळ्यात शेवटी, घाईत, जाड ब्रशने ओढून मोकळा झालो होतो. वर्षभर त्या चित्राकडे बघत होतो, पण खडूच्या रेघांना मी 'खडूच्या रेघा' म्हणून बघितलं, त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग कात्री. आप्पांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि त्याच्या मागच्या टोकाने दाखवलं. "ही मिटणारच नाही. दोन्ही पाती खिळ्यापाशी एकमेकांना ओलांडतात. तुझी शेजारी शेजारी चालल्यात." आणि अंगठा. माझ्या शिंप्याचा अंगठा कडीत पार मुळापर्यंत गेलाय. "जाड कापड कापताना असा अंगठा घातला तर संध्याकाळपर्यंत साल निघेल." त्यांनी स्वतःचा अंगठा पुढे केला. पेराच्या बाजूला गोल, पिवळट घट्टा आहे. तो मी जन्मापासून बघतोय, पण कशाचा आहे हे कधी विचारलं नव्हतं.

चेहऱ्याबद्दल म्हणाले, "चांगला आहे. गिऱ्हाईकाला उधारी मागायची आहे त्याला."

डगल्याची शिवण मात्र फार आवडली. बाही खांद्याला कशी जोडलीय ते बोट न लावता, हवेत बोट फिरवून बघत राहिले. अस्तर असणार म्हणाले, त्याशिवाय कापड असं उभं राहत नाही. मग विचारलं, "हा माणूस श्रीमंत होता का?" मी सांगितलं की कमरेला तलवारीचा पट्टा आहे, म्हणजे बरा असावा. आप्पांनी 'हं' केलं आणि आत गेले.

चंद्रकळा (ठाणे)

उधारी! मी हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं.

खडूची रेघ आणि अंगठा हे जेजेकरांनाही दिसलं नसतं, नाही का?

जुना_जेजेकर (मुंबई)

नसतं दिसलं. फोटो व्यनिने (खाजगी निरोपाने) आला होता तेव्हा मी 'हात उत्तम' असं कळवलं होतं, ते इथे कबूल करतो.

उसवण, कात्री दुरुस्त करताना वरून रंग चढवू नका. थर जाड होईल आणि जुन्या पात्याची कड तिरप्या उजेडात उठून दिसेल. रंग अजून पुरता कडक झालेला नसणार. पॅलेट नाइफने खरवडा, टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसा, मागचा डगल्याचा रंग आधी बसवा आणि मग कात्री. व्हार्निशची घाई नको, निदान सहा महिने थांबा.

कच्चा_रंग (कोल्हापूर)

दोन्ही डोकी झाली. हिरव्या पायावरचं जास्त वेळ घेऊन झालं आणि अजूनही थोडं आजारी दिसतंय. डायरेक्ट केलेलं ठणठणीत आहे. पण माझा मुद्दा तत्त्वतः बरोबरच होता.

गोदाकाठ (नाशिक)

तत्त्वतः! 😀

उसवण, आप्पांना घाटावर आणा एकदा. मला आमच्या नाववाल्याची वल्ही तपासून घ्यायची आहेत.

बोरूबहाद्दर (पुणे)

मग आता तरी आप्पांना समोर बसवणार की नाही?

उसवण (नाशिक)

बसवलं. गेले तीन रविवार. बसत नाहीत, हीच अडचण आहे. हातात काम नसलं की दहा मिनिटांत उठतात. म्हणून आता त्यांच्यासमोर खरंच कापड टाकतो, पुतण्याच्या पँटचं. ते बेततात, मी काढतो. मान खाली असते, त्यामुळे डोळे काढायचा प्रश्न सध्या नाही. मध्येच बायको दारात येऊन काही विचारते तेव्हा मान वर होते. तेवढे चार-पाच सेकंद मिळतात. तिला सांगून ठेवलंय की दर दहा मिनिटांनी येऊन काहीतरी विचारत जा. दुसऱ्या रविवारी तिचे प्रश्न संपले.

खिडकी उत्तरेला आहे, पण समोरच्या इमारतीला नवीन पिवळा रंग दिलाय, त्यामुळे सकाळी अकरानंतर आप्पांचा उजवा गाल पिवळा होतो. भोकाच्या कार्डातून तपासलं, खरंच पिवळा आहे. लावला तसाच. आप्पा म्हणाले, कावीळ झालीय का मला.

मोरोनीच्या शिंप्याचा उजवा हात काल खरवडून काढला. मनगटापासून पुढे सध्या नुसता करडा डाग आहे. आप्पांनी त्यांची जुनी कात्री, बारा इंची, तेल घालून माझ्या टेबलावर आणून ठेवलीय. हातात धरून बघ म्हणाले, आधी अर्धा मीटर जाड कापड काप, मग रंगव. कापड कपाटात खालच्या कप्प्यात आहे, वरचं घेऊ नकोस, ते गिऱ्हाईकाचं आहे.